एकतीस मायक्रॉन

कुपवाड एमआयडीसीत, वजनकाट्यामागच्या शेडमध्ये
जस्ताची कढई साडेचारशेवर असते,
वर राखेची साय.
दस्तगीर शिकलगार फळीनं ती बाजूला सारतो
आणि क्षणभर खाली आरसा दिसतो.
त्यात आपलं तोंड बघायचं नाही, असा त्याचा नियम.

त्याचा आजा सुऱ्यांना धार लावायचा, आईचा बाप कल्हई.
नवसागराचा धूर तेव्हाही हाच.
"एक लोखंड उघडं करायचा, एक पितळ झाकायचा.
मी आईवर गेलो, बाई."

माझं काम कढईनंतरचं.
गार झालेल्या अँगलवर मीटर टेकवायचा, आकडा वहीत.
शहाऐंशी. ब्याण्णव. वेल्डिंगपाशी चौसष्ट, म्हणजे परत.
जस्ताची फुलं तर सगळ्यांवरच देखणी उमटतात;
देखणेपणाला वहीत रकाना नाही.

मार्चमध्ये मणेराजुरीहून टेम्पो आला.
काढून टाकलेल्या द्राक्षबागेचे वाय अँगल,
एकोणीस वर्षं मातीत पाय, खांद्यावर वेली,
अंगावर मोरचुदाचे निळे ओघळ.
नवी बाग धरतोय, मालक म्हणाला, पुन्हा बुडवून द्या.

मी सवयीनं मीटर टेकवला.
एकतीस. दुसऱ्यावर एकोणतीस.
तिसऱ्यावर विळ्याचा जुना ओरखडा, थेट लोखंडापर्यंत,
आणि त्यात गंज नव्हता.
आजूबाजूचं जस्त आधी झिजलं होतं.

दस्तगीरनं एक नग उलटा केला,
बुडाचा शिक्का अंगठ्यानं पुसला.
"हा माझा घाणा. पहिल्या महिन्यातला.
जस्त जाड बसलं म्हणून शेठनं
साऱ्या शेडसमोर आई-बाप काढलेले."

पुन्हा चढवायचं तर आधीचं
ॲसिडच्या हौदात उतरवावं लागतं.
उरलेलं एकतीससुद्धा.
हे त्याला कोण सांगणार?
तरी साखळीला हुक लावताना तो थांबला,
फडकं नाकावर ओढलं,
मग क्रेनला हात केला.
हौद बराच वेळ खदखदत होता.

आले दोनशे चाळीस.
गेले दोनशे एकोणचाळीस, मालकाला विचारून;
चलनावर मी 'एक नग वाकडा' लिहिलं.
तो सरळच आहे.
काट्याशेजारी भिंतीला टेकून उभा असतो,
त्याच्या दोन फाट्यांवर रात्रपाळीची पोरं
डब्याच्या पिशव्या अडकवतात.

दस्तगीरची पिशवी अजून खुंटीलाच.