दांडी ठेवणारा

उडी मारणाऱ्यांची नावं पेपरात येतात,
दांडी परत ठेवणाऱ्याचं येत नाही.
आलं असतं तर वाचलं असतंत : दुइलिओ, सुतार,
पोर्देनोनेच्या मैदानावर एकवीस वर्षं,
एकाही रविवारी दांडी न मारता.

काम सोपं. पडली की उचलायची,
पुसायची, दोन्ही टोकं बसवायची,
काठीनं उंची मोजायची, तीही मधोमध,
कारण कितीही नवी असो,
दांडीला मधे जरासा झोळ येतोच.

नीवेस तोफोली पहिल्यांदा आली तेव्हा चौदाची.
गुडघे खरचटलेले, वेणी ओली,
बूट थोरल्या भावाचे, पुढे कापूस कोंबलेला.
अकरा पावलं घ्यायची. शेवटची चार वाकडी,
जणू वाटेत कुणी झोपलंय, त्याला वळसा घालून.
मग आधी पाठ, नंतर टाचा,
आणि तोंड आभाळाकडे.
मला वाटायचं, तेवढ्यात ही वर काहीतरी वाचून येते.

एक मीटर साठ. बहात्तर. एक्क्याऐंशी.
हिवाळ्यात तालियामेंतोच्या गोट्यांवरून धावायची,
काठावरून बाप टेम्पोत, खिडकीतून ओरडत.
उदिनेच्या डॉक्टरांनी घोटा दोनदा उघडला,
आत एक स्क्रू राहिला.
थंडीत तो बोलतो, म्हणायची.

आणि तो जूनचा दिवस. एक अठ्ठ्याऐंशी.
पार झाली तर रोम, निळी जर्सी.
दोन प्रयत्न गेलेले. पंच सिगारेट पेटवायला वळले.
मी दांडी ठेवली
आणि अंगठ्यानं डावं टोक खांबाला भिडवलं.
मधे पेरभर फट हवी असते. मी ती मिटवली.
घट्ट बसलेलं लाकूड सहजी हलत नाही,
हे सुताराला कुणी शिकवावं लागत नाही.

तिची टाच लागली.
दांडी थरथरली, थरथरत राहिली.
एवढा वेळ मी चर्चमध्येही गप्प उभा राहिलो नव्हतो.
पांढरा झेंडा.

पुढे रोम, मग सोफिया, एकदा हेलसिंकी, तिथं सातवी.
एक त्र्याण्णवला तीनदा दांडी पडली,
आणि एकतिसाव्या वर्षी
खिळ्यांचे बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले.
आता पोस्टात बसते, खिडकी क्रमांक दोन.
विजेचं बिल मी तिथंच भरतो,
बँकेतून आपोआप कापलं जाईल
असं मुलगा शंभरदा सांगतो तरी.

परवा रांगेत कुणीच नव्हतं.
म्हणालो, नीवेस, त्या जूनमध्ये...
शिक्का मारत ती म्हणाली,
"तुम्ही दांडी हलकेच ठेवायचात. बाकीचे आपटायचे.
पाठ करून उभी असले तरी आवाजावरून कळायचं."
मग मान वर न करता,
"त्या दिवशी आवाज वेगळा होता."

पाच युरो तीस सेंट परत दिले.
वरच्या फळीवरचं रजिस्टर हवं होतं तिला.
हात नाही उंचावला तिनं,
पायानंच स्टूल ओढलं,
चढली. आधी उजवा,
मग तो स्क्रूचा पाय.