दारूचं तापमान

पांढुर्लीच्या पुढे माळावर नऊशे मीटर.
टेकडीच्या पायथ्याशी पांढरी लोखंडी पाटी,
दुर्बिणीत पोस्टाच्या तिकिटाएवढी.
मी पालथी, कोपराखाली गोणपाट,
शेजारी फोन, उन्हात दिसावा म्हणून
त्याच्यावर तिरपी धरलेली अण्णांची टोपी.

सॉफ्टवेअर विचारतं, मी भरते.
गोळीचं वजन. नळीतला पीळ.
दुर्बीण नळीच्या किती वर. अक्षांश वीस.
अक्षांश कशाला? तर
गोळी हवेत असते एक पूर्णांक चार सेकंद
आणि पृथ्वी काही तेवढ्यासाठी थांबत नाही.
पाटी दोन बोटं बाजूला होते,
न सांगता.

उत्तर आलं, एक्याऐंशी क्लिक.
मोजून फिरवले. अर्धा श्वास सोडला.
धूळ उडाली पाटीच्या हातभर वर.
पुन्हा. पुन्हा हातभर वर, त्याच जागी,
जणू तिथेच मारायचं ठरलं होतं.

अण्णा मागे स्टुलावर, तिवईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून.
सुभेदार मुरलीधर गायधनी, तोफखाना, देवळाली.
सव्वीस वर्षं तोफांशेजारी बसून आकडे काढले.
डावा कान गेला, उजवा सणासुदीला येतो.
त्यांचं सॉफ्टवेअर म्हणजे निळ्या कापडी बांधणीचं पुस्तक,
आत रकानेच रकाने.
माझ्या फोनला ते ‘तुझा कारकून’ म्हणतात.
हिणवून नाही. स्वतःही तेच होते.

“दारू तापली का?” ओरडून विचारतात.
हा प्रश्न घरात माझ्या लहानपणापासून.
पाहुणे दचकायचे, आई पोहे देता देता सांगायची,
अहो, तोफेची. ह्यांनी थेंब नाही घेतला कधी.

काडतुसांचा डबा सकाळपासून गाडीच्या बॉनेटवर.
हात लावला तर चटका.
फोनमध्ये मात्र अठरा अंश,
फेब्रुवारीत भरलेले, मे महिन्यात तसेच.

“आणि दाब?”
एक हजार आठ. हवामानाच्या बातमीतला.
ते हसले. “तो समुद्राचा, पोरी.
समुद्र राहिला कसाऱ्याच्या खाली. इथला बघ.”
इथला नऊशे एकोणचाळीस.
हवा विरळ, दारू गरम,
आणि कारकून बिचारा
कुठल्यातरी किनाऱ्यावर, थंडीत,
मन लावून माझी गोळी मोजत बसलेला.
त्याचं गणित चुकलं नव्हतं.
त्याला खोटं सांगितलं
तर खोट्याचंही तो दशांशापर्यंत अचूक उत्तर देतो.

(नाशिकरोडच्या कोर्टात मीही वकिलाला
असेच आकडे दिले होते. तारखा, रकमा,
कोण कधी घरी आलं.
सगळे बरोबर. दुसऱ्याच हवेतले.)

डबा सावलीत. थर्मासातला चहा.
काडतुसं निवेपर्यंत अण्णा पलीकडची द्राक्षबाग बघत राहिले,
छाटणीनंतरची फूट किती आली, काहीबाही.
मग नवे आकडे. पंच्याहत्तर क्लिक.

एक रकाना उरतो, वाऱ्याचा.
तो कारकून आपणहून भरत नाही.
माझ्यापाशी कुसळी गप्प.
मधल्या नाळीत तरवड हलतोय.
पाटीपाशी झळा डावीकडून वाहताहेत, उथळ पाण्यासारख्या.
वारे तीन, रकाना एक.
अण्णांनी तीन बोटं दाखवली.
मी अडीच भरलं. त्यांना सांगितलं नाही.

बार.

खांद्यात धक्का, नाकात जळका वास,
दुर्बिणीत नुसतं आकाश उसळून खाली येतंय.
लोखंडाचा आवाज नऊशे मीटर चालत येणार,
त्याला वेळ लागतो. मी श्वास धरून
ऐकत होते,
तेवढ्यात मागून, बहिऱ्या माणसाच्या बेतालपणे,
अख्ख्या माळाला कळेल असं,
“लागली!”

मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं.