हंगामी

फाटकापाशी बस थांबली
पण दार उघडेना.
ड्रायव्हर म्हणाला, जरा थांबा,
वारा दाराला टेकून बसलाय, उठू दे त्याला.
आम्ही थांबलो. एक झोत सरला. मग उतरलो.

कारखाना बंद झाला त्या दिवशी
साहेबांनी प्रत्येकीला एक पत्र दिलं
आणि सॅमनचा एक डबा.
बावीस वर्षं मी मासा उभा चिरला,
काटे चिमट्यानं एकेक उपटले.
पत्र मात्र आडवं फाडलं.
आपल्याला वाऱ्यावर सोडलं गं, क्लोरिंदा म्हणाली.
म्हटलं, मग वाऱ्याच्याच गावी जाऊन बघते.

चिलोएपासून बोटीत तीन रात्री, पुढे ही बस.
ऑक्टोबर ते एप्रिल, जेवून-खाऊन,
सहाजणींच्या खोलीत वरचा बंक.
अर्जात एक प्रश्न होता: डोंगरांची आवड आहे का?
मी लिहिलं, लांबून.

गास्पार चोवीस वर्षांचा. तो माझा वरिष्ठ.
एका कानात बाळी, हातात यादी.
मला तू म्हणावं की तुम्ही
यात त्याची जीभ दोनदा अडखळली.
माझ्या मापाचं एकच जाकीट उरलं होतं,
छातीवर शिवलेलं नाव: यास्ना.
कोण ही?
मागच्या हंगामातली.
आता कुठे असते?
त्यानं उत्तरेकडे हात केला.
या टोकाला उभं राहिलं
की सगळा देशच उत्तरेला असतो.

खिशात निघालं
ओठांचं मलम, अर्धं,
आणि कपडे वाळत घालायचा एक चिमटा.

संध्याकाळपर्यंत मी यास्ना झाले होते.
स्वैपाकघरातून तेओ ओरडला, यास्ना, कांदे!
मी कांदे दिले. नाव कांद्यांपेक्षा जड नव्हतं.

पोरं सगळी वारा प्यालेली वासरं.
सुट्टीच्या दिवशी कुठला सुळका,
कुठली हिमनदी,
जेवताना दुसरं बोलणं नाही.
मला खिडकीतून दिसत होता
जुन्या वणव्यात जळालेला उतार:
पांढरी उभी झाडं, हजारो,
साफ करायच्या राहिलेल्या माशासारखी.
बोटं आपोआप चिमट्याच्या आकारात आली.
मी ती मातेच्या पेल्याभोवती गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी बेचाळीस चादरी.
दोरी घराच्या पाठीमागे, तळ्याकडे तोंड करून.
गास्पारनं सांगितलं, प्रत्येकीला चार चिमटे लाव.
लावा.
पहिली चादर तिथेच होती, दुसरीही.
तिसरी उठली
आणि बिल न देता जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखी
तळ्यावरून चालती झाली.
वाटेवर बसलेल्या एका ग्वानाकोनं
मान वळवून तिला शेवटपर्यंत पोचवलं.
चिमटे गवतात, दगडांत, कुठे कुठे.
आता कळलं खिशातला तो कशासाठी होता.
बिचारीनं एक तरी वाचवला.

मग मी सुतळी मागितली.
माझा बाप जाळी विणायचा,
दात पडले तरी दातांत दोरा धरायची सवय सुटली नाही.
त्याची गाठ, दोन फेरे, एक आडवा, ओढ.
ही मासा सोडत नाही, चादर काय सोडेल.
एकोणचाळीस चादरी फुगल्या, फडफडल्या, शिव्या दिल्या,
गेल्या नाहीत.
(एक मी पोतेऱ्याला फाडली होती. ते कोणी मोजलं नाही.)

गास्पार बराच वेळ बघत राहिला.
म्हणाला, पुन्हा एकदा, हळू.
दाखवली. त्याची सुटली.
पुन्हा दाखवली.
तिसऱ्यांदा त्यानं यादीत बोट फिरवलं
आणि विचारलं, एदुविना, हा फेरा आतून की बाहेरून?
आतून, म्हटलं. आणि बोटं ओली कर.

रात्री बंकवर छप्पर नाकाशी.
खालची पोरगी झोपेत कोणाला तरी रस्ता सांगत होती.
उठले. संडास बाहेर, चाळीस पावलं.
दार ढकललं, हलेना.
पलीकडे तो टेकून बसलेला, सगळं अंग टाकून,
जणू दिवसभर त्यानंच चादरी धुतल्यात.
कडीवर हात ठेवून उभी राहिले थोडी.
मग म्हटलं,
सरक रे बाबा, मी इथलीच आहे एप्रिलपर्यंत.