आरसा नसलेली गाडी

चाक बुळेकाकांच्या कपाळाला लागतं.
मी मोजलंय, त्यांना टायरशी उभं करून, खडूनं,
पोरांची उंची दाराच्या चौकटीवर मोजतात तसं.
लोहामंडीच्या मागच्या गल्लीत हा महिषा जन्माला आला:
चेसिस पीथमपूरच्या लिलावातली,
टायर खाणीतल्या डंपरचे,
शिंगं माझी, दोन इंची पाइपची.
डाव्या शिंगावर वेल्डिंगचा एक फोड राहिला,
तो अजून खुपतो मला.

रंगनाथ बुळे, वय त्रेपन्न.
एकवीस वर्षं शाळेची बस:
बिजलपूर, राजेंद्रनगर, अन्नपूर्णा, आणि परत.
शाळेनं बस विकली.
बसबरोबर ड्रायव्हर विकत नाहीत.

आता रविवारी, सुपर कॉरिडॉरच्या मैदानात
दोन गाड्या जोडीनं सुटतात,
समोर भंगाराच्या आठ मोटारी, पाठी वाकवून बसलेल्या.
भोंग्यावरचा पोरगा किंचाळतो, "भिया, आज तो चटनी बनेगी!"
लोक कुर्च्यांवर उभे.

आणि काका, पाच पट्ट्यांत आवळलेले,
झेंडा पडला की आधी मान वर करतात,
डावीकडे, थोडं वर.
तिथं काही नाही.
आग विझवायची लाल नळी आहे फक्त.

दीड सेकंद. घड्याळ लावून पकडलंय मी.
तेवढ्यात उज्जैनचा पोरगा पहिल्या टपावर चढलेला असतो.

"मागं कोण बसलंय तुमच्या?" मी एकदा चिडून.
"कुणी उभं नाही ना, बघतो रे," ते म्हणाले,
आणि स्वतःच लाजले.

मग मी आरसा बसवला, लांबट, बसमधला.
पहिल्याच उडीत फुटला.
शर्यत संपली तरी काका खाली उतरेनात,
केबिनच्या तळाची काच
चिमटीनं वेचत बसले होते,
अनवाणी पाय येणार असल्यासारखे.

परवा उज्जैनची गाडी सहाव्या मोटारीवर कलंडली.
चाकं आभाळाकडे, फिरतच होती.
धूळ, डिझेल, आणि दोरी तोडून धावलेले लोक,
मोबाइल पुढं धरून.
महिषा आडवा झाला.
सगळा रस्ता अडवून उभा.
खिडकीतून एक हात बाहेर, पंजा सपाट,
आवाज नाही, हॉर्न नाही.

थांबले. मोठी माणसं, दाढीवाली,
रांगेत थांबली.
पोरगा रांगत बाहेर आला, शिव्या देत, धड.
भोंगा तेवढा वेळ मुका होता.

शर्यत रद्द. तिकिटाचे अर्धे पैसे परत.
काका स्कूटरवर निघाले, मी मागं.
रिंगरोडच्या प्रत्येक गतिरोधकावर
दोन्ही पाय जमिनीला टेकवत,
हळूच, आधी पुढचं चाक, मग मागचं,
जणू मी सत्तर पोरं होतो आणि निम्मी झोपलेली.

सोमवारी डाव्या शिंगाला ग्राइंडर लावायचा होता.
राहिलं.