शेवटचा आकडा

गुदैबिया, मनामा. रात्रीचे पावणेदोन.
काचेला बाहेरून घाम फुटलाय,
आत एसीखाली मी शाल पांघरून
पैसे पाठवायच्या एका ॲपशी
चोरासारखी वागतेय.
पगारी.

दार चांगलं आहे त्याचं.
पासवर्ड, मग फोनवर सहा आकडे, मग अंगठा.
मी माझ्याच नावानं, सरळ, आत गेले
आणि माझी पावती उघडली:
पंधरा दिनार, आईला, चष्म्यासाठी.
वर पत्त्याच्या टोकाला सात होता.
सातचा आठ केला.

एवढंच.

समोर आले कोणी शमशुद्दीन पांगारकर,
चाळीस दिनार, श्रीवर्धन,
कारण: ‘कौलं आणि मजुरी’.
ॲपनं विचारलंच नाही
की बाई, हे तुझं आहे का?
उंबऱ्यावर अंगठ्यापर्यंत चौकशी,
आणि घरात कोण कुठल्या खोलीत शिरतं
याचं कुणाला काही नाही.

इथं थांबायचं असतं.
एक पुरावा पुरे. नाव काळं करायचं, चित्र जोडायचं, बंद.
मी नऊ केला.
येल्लम्मा बोनगिरी. आठ दिनार. ‘बाळंतपण, दुसरं’.
मग त्याच्या पुढचा.
धनगढी, नेपाळ. साडेबावीस.
कारणाच्या रकान्यात नुसतं एक टिंब.
रकाना रिकामा ठेवला तर ॲप पुढं सरकत नाही,
म्हणून टिंब.
त्या टिंबाशी मी बराच वेळ बसले.
खाली कुणीतरी गाडीचं दार तीनदा आपटलं.

अहवालात लिहिलं: तीव्रता, उच्च.
‘परिणाम’ या शब्दापुढं कर्सर लुकलुकत राहिला.
काय लिहू? कौलं?

सकाळी यूसुफ म्हणाला, गुरुवारी नवी आवृत्ती सोडायचीय,
आकडे बदलत कोण बसणार आहे?
म्हटलं, मी बसले होते.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मग त्यानं स्वतःची पावती उघडून
आकडा एकानं कमी केला
आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
मागणारा आणि पावतीचा धनी एकच ना,
इतकंच विचारणारी ओळ.
बुधवारी संध्याकाळी पुन्हा सातचा आठ केला:
परवानगी नाही.
असा तुसडेपणा मला फार दिवसांनी गोड वाटला.

अहवालाच्या तळाशी मी आणखी एक ओळ घातली,
कुणी मागितली नव्हती:
पुराव्याला एक पावती पुरेशी होती.
तपासनिसानं तीन उघडल्या.
कुंपणाचंही नाव नोंदीत असावं.

रात्री कोल्ड स्टोअरमध्ये दूध घ्यायला गेले.
रांगेत पुढं निळ्या डांगरीतला एक माणूस
फोनवर काही भरत होता, एका बोटानं, सावकाश,
दुसऱ्या हाताचा आडोसा धरून,
वाऱ्यात काडी पेटवताना धरतात तसा.

मी मागं वळून
खजुरांच्या किमती वाचत राहिले.