फक्की

सुतळी ताण, किरण्या. अजून. खुंटी हलू देऊ नकोस.
ऊन चढायच्या आत एका पटांगणात
चार मैदानं आखायची आहेत.
इकडे गटार, तिकडे ट्रान्सफॉर्मर,
मधे भोईवाड्याची जेवढी माती उरलीय
तेवढ्यात आख्खा शनिवार बसवायचा.

आधी खो-खो. दोन खांब, मधली पाटी, आठ चौकोन.
पोरी बसतील त्यात उकिडव्या,
एकीचं तोंड दत्तमंदिराकडे, पुढचीचं दूधकेंद्राकडे.
पाठीवर थाप पडेपर्यंत दगड.
थाप पडली, खो ऐकला, की ठिणगी.
पाठलाग करणारीला मागे फिरता येत नाही,
खांबाला वळसा घालूनच पलीकडे.
हा नियम ऐकून आई म्हणाली होती,
यात नवीन काय?

मग व्हॉलीबॉल. चेंडू रेषेवर पडला तर आत.
पलीकडे क्रिकेट. बॅट रेषेवर राहिली तर बाद.
असं का, ते मला विचारू नकोस.
डबा तोच, फक्की तीच, वाकणारी कंबरही तीच.
बोट जरा सैल सोड, पीठ पेरल्यासारखं.
रांगोळी नाही ही, जाड येऊ दे,
संध्याकाळपर्यंत टिकली पाहिजे.

आता सरक. कबड्डी मी आखतो.
मध्यरेषा मला सुतळीशिवाय येते.

शहाऐंशीचा फेब्रुवारी. हॅलोजनखाली उडणारे किडे.
शेवटची चढाई, एका गुणाने मागे,
समोर काळाचौकीचे तिघे.
शेलटकरने घोटा धरला, मग दुसरा कमरेवर, मग तिसरा.
मी पालथा. दम चालू. कबड्डी कबड्डी कबड्डी
मातीत तोंड घालून.
हात लांबवला, खांद्यातून काहीतरी तुटेपर्यंत.
लागली रेषा.
या बोटाला. हे मधलं.
उठून मसुरकर मास्तरांना दाखवलं, पेरभर पांढरं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं वरपासून खालपर्यंत.
कपाळाला फक्की, छातीला फक्की, गुडघ्यांना फक्की.
“कुठली कुठली धरू?” म्हणाले.
शिट्टी वाजली.

आता मोठे सामने मॅटवर होतात,
रेषा कारखान्यातूनच चिकटवून येतात,
आणि कॅमेरा नखसुद्धा सोडत नाही म्हणे.
बरंय.
शेलटकर परवा केईएमच्या फाटकात भेटला, काठी घेऊन.
चहा पाजला त्याने. बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला,
“लागली होती रे तुझी. मी वरून बघितलं होतं.”
मी म्हटलं, चहा गार होतोय.

काय बघतोस माझ्या हातांकडे?
दहाही बोटं पांढरी आहेत, रोजच असतात.
चल, लॉबी राहिलीय.
आणि तिथे, कोपऱ्यात, तुझी रेषा वाकडी गेलीय.
असू दे. पुसू नकोस.
तिथे पोरं चपला काढतात.