अध्ययन निष्पत्ती

क्षेत्रभेटीच्या अहवालाचा कागद आलाय वरून.
स्थळ लिहिलं : गड्डम यांचा कारखाना, साखर पेठेमागं.
अंतर : दोन गल्ल्या आणि एक गटार.
वाहन : पाय.
खर्च : पेरू, एकोणचाळीस.
चाळिसावा पेरूवालीनं तसाच दिला,
तो कुठल्या रकान्यात लिहायचा कळेना.

आधीच्या आठवड्यात वर्गातच माग केले होते
चपलांच्या खोक्यांचे.
कडेला खाचा, खाचांतून सुतळी,
धोटा म्हणून आइस्क्रीमची काडी.
मुजम्मिलनं तीन बोटं रुंद चादर विणली,
उंदराला होईल म्हणाला, थंडीपुरती.
श्रीलता म्याकलनं काहीच विणलं नाही.
ज्याची सुतळी तुटेल तो तिच्याकडे जाई,
ती जोडून देई, मान वर न करता.
आणि मी वहीत लिहिलं होतं : सहभाग कमी.
हाक मारली तर ओ देत नाही.
बोलताना माझ्या तोंडाकडे टक लावून बघते.

कारखान्याच्या दारातच माझा आवाज गेला.
म्हणजे घशात होता, पोचत कुठंच नव्हता.
बारा माग.
तो आवाज अक्षरांत येत नाही,
तळपायातून चढतो आणि दातांत राहतो.
मी ओरडत होते, हा उभा धागा, हा आडवा,
मुलं हसत होती,
काचेआडचा मासा तोंड हलवतो तशी मी.

तेव्हा श्रीलता पुढं झाली.
बापानं, नरसय्यानं, मागावरून नुसते ओठ हलवले.
तिनं ओठांनीच उत्तर दिलं
आणि वळून आम्हाला हातानं दाखवलं : वर बघा.
वर पुठ्ठ्यांची माळ सरकत होती, भोकाभोकांची.
भोक असेल तर बोट वर, धागा उठतो.
नसेल तर मूठ, धागा बसून राहतो.
बोट, मूठ, मूठ, बोट, बोट,
आणि खाली इंचाइंचानं मोराचा गळा.
बघता बघता चाळीस हात
बोट-मूठ, बोट-मूठ.
गड्डम शेठही, पाठीमागं, नकळत.

आणि वीज गेली.
बारा माग जागच्या जागी थिजले
आणि त्या शांततेत माझाच आवाज उघडा पडला :
"...कळलं का रे सगळ्यांना!"

सगळे हसले. नरसय्याही हसला,
जरा उशिरा,
लेकीचे ओठ बघून.

अर्धवट अंधारात त्यानं तुटका धागा तिच्या हातात दिला.
दोन बोटं, एक अंगठा, झालं.
पार्वतीनं डोळे बारीक केले, गाठ कुठाय?
तेव्हा श्रीलता बोलली, वर्षात पहिल्यांदा, कुणी न विचारता :
"दिसली तर ती गाठच नव्हं. फणीत अडकती."

परतताना तिची आई भेटली गटाराशी,
कांड्यांचं टोपलं डोक्यावर.
घरातही एक माग आहे म्हणाली,
चुलीपासून चार हातांवर.
तिथं कुणी कुणाला हाक मारत नाही, बाई,
खांद्याला हात लावतो.

आज सोमवार.
जुन्या कॅलेंडरांवर चौकटी आखून
मुलं करकटकानं भोकं पाडतायत.
मुजम्मिलला स्वतःचं नाव विणायचंय,
पहिल्याच अक्षराच्या उकाराला जागा उरली नाही,
तो आता 'मजम्मिल' व्हायला तयार आहे.

कागदावर शेवटचा रकाना : अध्ययन निष्पत्ती.
जागा दोन ओळींची.
'विद्यार्थ्यांना' एवढं लिहून पेन थांबलंय.
वहीतल्या त्या तीन ओळी मी खोडल्या,
खोडल्याच्या रेघा मात्र दिसतात.

उठते.
तिसऱ्या बाकापर्यंत जाते, खांद्याला हात लावते.
ती वर बघते, सरळ माझ्या तोंडाकडे.
आवाज न करता विचारते :
मला शिकवशील गाठ?

ती माझे हात उलटेपालटे करून बघते,
दर सोमवारी मी त्यांचे बघते तसेच,
आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणते :
"बाई, आधी नखं कापा."